पेरू देशात काय प्यावे?

पेरू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फळ येते. आम्ही तिघे सहकारी कामानिमित्त दक्षिण अमेरिकेतल्या पेरू या देशात गेलो, तेव्हा निरोप देणाऱ्यांनी या नावावरून विनोद करून घेतलेच. पण त्याबरोबर एक गंभीर सल्लाही दिला. बाटलीतले पाणी सोडून दुसरे काहीही तोंडाला लावायचे नाही! सल्ला तसा वाईट नाही. मात्र तो काटेकोरपणे पाळणारा प्रवासी त्या देशाची निम्मी चव न घेताच परत येतो. शिवाय तो पाळूनही आजारी पडता येते. आमच्यापैकी एक जण पडलाच. त्याची हकीकत पुढे येईल.

लिमा ही पेरूची राजधानी. आम्ही पोहोचलो तो जुलै महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. या शहरात खराखुरा पाऊस जवळजवळ पडतच नाही. हिवाळ्यात मात्र समुद्रावरून धुके येते आणि अंग ओले होईल न होईल अशी झिमझिम चालू राहते. अशा सकाळी रस्त्याच्या कडेला ढकलगाड्या लागतात आणि आपल्याकडे चहाच्या टपरीभोवती जमतात तशी माणसे त्यांच्याभोवती जमतात. तिथे 'एमोलियेंते' नावाचे पेय मिळते. भाजलेले जव, जवस, लसूणघास आणि काही औषधी वनस्पती पाण्यात उकळून केलेला हा काढा. जवसामुळे तो किंचित बुळबुळीत होतो. विक्रेती बाई तो वाफाळता काढा पेल्यात ओतते, वर लिंबू पिळते आणि तुमच्या हातात देते. धूळ, गर्दी, उघडी गाडी हे सगळे पाहून नवखा प्रवासी नाक मुरडतो आणि समोरच्या चकचकीत उपाहारगृहात जाऊन बर्फ घातलेले सरबत मागवतो. आमच्या मते या दोघांत गाडीवरचा काढा अधिक भरवशाचा. का, ते पाहू.

पाण्यातून होणारे आजार म्हणजे पटकी, विषमज्वर, हगवण, 'अ' प्रकारची कावीळ आणि प्रवाशांना हमखास गाठणारा अतिसार. या शेवटच्या अतिसारामागे बरेचदा ई. कोलाय या जिवाणूचा एक विषनिर्माता प्रकार असतो. हे सारे सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी नितळ आहे, पेला चमकतो आहे, वाढणारा गणवेशात आहे, यांतल्या एकाही गोष्टीचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणून पेय कोणते, दुकान कसे, हे प्रश्न दुय्यम ठरतात. विचारायचे ते एवढेच : यातल्या पाण्यावर जंतू मारणारी शेवटची क्रिया कोणती झाली, आणि त्यानंतर त्यात काय पडले? एमोलियेंतेच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. ते उकळले, आणि पेल्यात पडेपर्यंत गरमच राहिले. शंका राहते ती फक्त पेल्याची. एकाच बादलीत पेले बुचकळून काढणारी गाडी आम्ही टाळत असू आणि कागदी पेला देणारी शोधत असू.

हा प्रश्न पेरूला फार महागात पडलेला आहे. जानेवारी १९९१च्या अखेरीस त्या देशाच्या किनाऱ्यावरील गावांत पटकीचे रुग्ण दिसू लागले. दक्षिण अमेरिकेत सुमारे शंभर वर्षे या रोगाची साथ आलेली नव्हती. त्या एका वर्षात एकट्या पेरूत तीन लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे २,९०० माणसे दगावली. ही साथ नेमकी कशातून पसरते हे शोधण्यासाठी वेगवेगळ्या शहरांत रोगतज्ज्ञांनी घरोघर चौकशा केल्या. पद्धत साधी असते. आजारी पडलेल्यांना आणि त्यांच्याच शेजारच्या निरोगी माणसांना तेच प्रश्न विचारायचे, गेल्या काही दिवसांत काय खाल्ले, काय प्यायलात, आणि दोघांच्या उत्तरांत फरक कुठे पडतो ते पाहायचे.

त्रुहियो शहरात न उकळलेले पाणी दोषी ठरले; पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट निघाली. घरात साठवलेल्या ज्या भांड्यात हात बुडवून पाणी काढले जाई, त्या भांड्यातले पाणी पिणाऱ्यांना धोका अधिक होता. पाणी घरी येईपर्यंत कसेही असो, शेवटी त्यात हात पडला. आपल्याकडे माठात ओगराळे वापरायचे, पेला बुडवायचा नाही, असे आजी का सांगत असे याचे याहून चांगले समर्थन मिळणार नाही. पिउरा शहरात रस्त्यावरची पेये आणि त्यातही बर्फ घातलेली पेये संशयित निघाली. बर्फ नळाच्या पाण्याचा होता, आणि त्या पाण्यात क्लोरीन एकतर नव्हते किंवा पुरेसे नव्हते.

तिसरी चौकशी अॅमेझॉनच्या जंगलातल्या इकितोस या शहरात झाली, आणि ती आम्हाला सर्वांत रंजक वाटते. तिथे 'तोरोंजा' नावाचे लिंबूवर्गातले एक फळ मिळते. त्याचे सरबत पिणाऱ्यांत पटकीचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे इतर पेये रोग देत होती आणि हे एक पेय त्यापासून काही अंशी वाचवत होते. त्या सरबताचा सामू, म्हणजेच पीएच, ४.१ इतका होता. पटकीच्या जिवाणूला आम्ल अजिबात सोसत नाही. सामू साडेचारच्या खाली गेला की त्याचा टिकाव लागणे कठीण होते.

आपल्या जठराचेही संरक्षण याच तत्त्वावर चालते. निरोगी माणसाच्या जठरातल्या रसाचा सामू उपाशीपोटी दीड ते तीनच्या दरम्यान असतो. अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना, अर्थात वैद्यकीय देखरेखीखाली, पटकीचे जिवाणू पाजले गेले. नुसत्या पाण्यातून दिल्यावर आजार होण्यासाठी अब्जावधी जिवाणू लागले. तेच खाण्याच्या सोड्याबरोबर दिल्यावर, म्हणजे जठरातले आम्ल मारून टाकल्यावर, सुमारे दहा लाख पुरले. तेव्हा पित्तावरच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या प्रवाशाने इतरांपेक्षा जास्त जपावे, हे ओघानेच आले.

मात्र लिंबू पिळले म्हणजे पाणी शुद्ध झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. आम्लाने पटकीचा जिवाणू मरतो म्हणून सगळेच मरतात असे नाही. रक्ती हगवण घडवणारे शिगेला जिवाणू आम्लाला दाद देत नाहीत आणि शंभराच्या आतबाहेर संख्येनेही माणसाला आडवे करतात. 'अ' काविळीचा विषाणू तर आम्लाला भलताच चिवट. शिवाय आम्लाला काम करायला वेळ लागतो. लिंबू पिळून लगेच तोंडाला लावलेल्या पेल्यात तो वेळ मिळत नाही. आम्ल हा मदतनीस आहे, मुख्य रखवालदार नव्हे.

आता पेरूच्या सर्वांत देखण्या पेयाकडे वळू. त्याचे नाव 'चिचा मोरादा'. तिकडे जांभळा मका पिकतो. दाणे तर जांभळे असतातच, पण आतला बुरकुंडाही गर्द जांभळा असतो. हा मका बुरकुंड्यासकट अननसाची साल, दालचिनी आणि लवंग घालून बराच वेळ उकळतात, गाळतात, गार करतात आणि मग साखर व लिंबाचा रस घालतात. लिंबू पडताच जांभळा रंग लालसर होतो. मक्यातला हा रंग अँथोसायनिन गटातला आहे आणि त्यातला प्रमुख घटक आपल्या कोकमातही असतो. आम्लात तो लाल दिसतो आणि आम्ल कमी होत गेले की जांभळ्या, निळ्या छटांकडे झुकतो. म्हणजे हे पेय स्वतःच स्वतःचा दर्शक आहे!

वर्गात हा प्रयोग कोकमावर करता येईल. कोकमाचे आगळ पाण्यात पातळ करून तीन पेल्यांत घ्यावे. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात लिंबू पिळावे आणि तिसऱ्यात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा टाकत जावे. सोडा टाकल्यावर फेस येतो, रंग पालटतो, आणि मुलांना सामू ही कल्पना पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येपेक्षा लवकर कळते. मग लिंबू सरबत, ताक, सोडावॉटर, चहा असे एकेक घेऊन जास्वंदाच्या रसात भिजवून वाळवलेल्या कागदी पट्ट्यांनी तपासावे.

चिचा मोरादा पिण्यास योग्य की नाही? उकळली आहे, आम्लही आहे, तेव्हा मूळ पेय चांगलेच. गफलत होते ती नंतर. सकाळी घट्ट उकळून ठेवायची आणि दुपारी गिऱ्हाईक वाढले की नळाचे पाणी घालून वाढवायची, किंवा वर बर्फाचे तुकडे टाकायचे, ही युक्ती जगभरच्या सरबतवाल्यांना ठाऊक आहे. आम्ही ती जिथे घरी करतात आणि शीतकपाटात गार करतात अशा ठिकाणीच प्यायलो. मागताना 'सिन येलो' म्हणायला शिकलो, म्हणजे बर्फाशिवाय. पेरूत फिरताना हे दोन शब्द शंभर रुपयांच्या औषधाचे काम करतात.

इथे आमच्या सहकाऱ्याची हकीकत सांगून टाकू. त्याने सल्ला तंतोतंत पाळला होता. दुपारी एका चांगल्या दिसणाऱ्या उपाहारगृहात त्याने शीतपेयाची बंद बाटली मागवली, झाकण आपल्यासमोर उघडून घेतले आणि ते पेय वाढप्याने ठेवलेल्या बर्फाने भरलेल्या पेल्यात ओतले. दीड दिवसाने तो अंथरुणावर होता. दोष बर्फाचाच होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण त्याने त्या दिवशी कोशिंबीरही खाल्ली होती. परंतु 'गोठवल्यावर जंतू मरत नाहीत का?' हा त्याचा प्रश्न, आणि तो स्वतः रसायनशास्त्राचा पदवीधर!

नाही मरत. थोडे मरतात, पण पुष्कळसे नुसते थांबून राहतात. १९८५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथील डुपाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा निकाल लावणारा प्रयोग प्रसिद्ध केला. विषमज्वर, हगवण आणि प्रवाशांचा अतिसार घडवणारे जिवाणू पाण्यात मिसळून त्यांनी त्याचा बर्फ केला आणि तो कोला, सोडा, पाणी घातलेली व्हिस्की, एवढेच काय पण कडक टकीला यांत वितळवला. एकही पेय पूर्णपणे जंतुमुक्त झाले नाही. तेव्हा मद्याने जंतू मरतात म्हणून बर्फाची फिकीर नको, असे सांगणाऱ्या अनुभवी प्रवाशांचे म्हणणे या प्रयोगापुढे टिकत नाही.

रोगजंतूंचा प्रयोग शाळेत करता येणार नाही, पण त्याचे निरुपद्रवी रूप घरी जमते. चमचाभर दही फ्रीजरमध्ये आठवडाभर गोठवून ठेवावे आणि मग ते कोमट दुधाला विरजण म्हणून लावावे. वेळ थोडा जास्त लागेल, पण दही लागते. दह्याचे जिवाणू गोठून जिवंत राहतात, तर मग बाकीचेही राहतात. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगवण्याची सक्ती केली ती याचसाठी. मासळी किंवा माल गार ठेवण्यासाठी केलेला बर्फ उसाच्या रसात आणि गोळ्यात जाऊ नये, आणि गेलाच तर तो डोळ्यांना दिसावा.

मग बंद बाटलीचे पाणी तरी निर्धोक आहे ना? बहुधा असते, पण याबाबतीत अटलांटिक महासागराच्या पलीकडची, पोर्तुगालमधली एक जुनी घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिथे १९७४ साली पटकीची साथ आली. इस्पितळात दाखल झालेल्या आणि तपासणीत खात्री पटलेल्या रुग्णांचीच संख्या २,४६७ होती. ४८ माणसे दगावली. शोध घेता घेता तपास एका झऱ्यापाशी पोहोचला. त्या झऱ्याचे पाणी आरोग्यदायी म्हणून प्रसिद्ध होते आणि बाटल्यांत भरून विकले जात होते. त्या झऱ्यात पटकीचे जिवाणू सापडले. झऱ्याला कधीही भेट न दिलेल्या लोकांतही बाटलीतल्या साध्या, म्हणजे वायू न भरलेल्या पाण्यातून रोग पोहोचल्याचे दिसून आले. वायू भरलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी असते. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होते आणि सामू चार ते पाचपर्यंत उतरतो. कोलासारख्या पेयांत इतर आम्ले असल्यामुळे तो अडीचच्या आसपास असतो.

वायूच्या पाण्याचा दुसरा फायदा अगदी व्यावहारिक आहे. जुन्या बाटलीत नळाचे पाणी भरून झाकण बसवणारे महाभाग सर्वत्र असतात. साधे पाणी असे विकता येते. पण झाकण फिरवताच 'फुस्स' आवाज करणारे पाणी घरच्या घरी तयार करणे त्यांना परवडत नाही. पेरूत पाणी मागितले की दुकानदार विचारतो, 'कोन गास' की 'सिन गास', वायूसह की वायूशिवाय? आडगावच्या दुकानात आम्ही नेहमी कोन गास म्हणत असू. चव आवडायला दोन दिवस लागतात. 'इंका कोला' हे पेरूचे लाडके शीतपेयही याच वर्गातले. १९३५ पासून चालत आलेले, पिवळेधमक आणि गोडमिट्ट. एकदा प्यावे, तिकडच्या माणसांना बरे वाटते.

लिमाहून आम्ही कुस्को येथे गेलो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांश भरतो आणि पाणी सुमारे ८९ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. (आपल्या महाबळेश्वरलादेखील ते ९५-९६ अंशांच्या सुमारास उकळते, सहलीला जाताना शाळेतला तापमापक बरोबर न्यावा.) साहजिकच शंका येते, शंभर अंश गाठलेच नाहीत तर पाणी निर्जंतुक झाले का? झाले. जंतू मरायला उकळणे ही क्रिया लागत नाही, उष्णता लागते. दूध पाश्चरीकरणात ७२ अंशांवर केवळ १५ सेकंद ठेवतात आणि रोगजंतू मरतात. चिवट म्हटलेला काविळीचा विषाणूही ८५ अंशांना मिनिटभरात निकामी होतो. बुडबुडे ही आपल्यासाठी तापमापकाशिवाय मिळणारी खूण आहे, इतकेच. तरी उंचीवर फरक भरून काढण्यासाठी पाणी एक मिनिटाऐवजी तीन मिनिटे खळखळू द्यावे अशी शिफारस आहे, ती २,००० मीटरच्या वर पाळावी. तिथला चहा मात्र फिका होतो, त्याला इलाज नाही.

कुस्कोच्या हॉटेलात शिरताच पाहुण्याच्या हाती कोका पानांचा गरम काढा देतात. विरळ हवेचा त्रास त्याने कमी होतो अशी तिथे श्रद्धा आहे. जंतूंच्या दृष्टीने तो निर्धोक असतो. पण ही कोकेनच्या झाडाची पाने. पेरूत त्यांना कायद्याची मोकळीक असली तरी आपल्याकडे १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात कोका पानाचाही समावेश आहे, तेव्हा त्याच्या पुड्या भेट म्हणून आणणे म्हणजे विमानतळावर संकट ओढवून घेणे. काढा प्यायल्यावर काही काळ मूत्रतपासणीत कोकेनची खूण उमटते, हेही नोकरीनिमित्त जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आम्ही 'मुन्या' या पुदिन्याच्या कुळातल्या पहाडी वनस्पतीचा काढा पसंत केला. वास छान, भानगड नाही.

बाकीच्या पेयांबद्दल थोडक्यात. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात फळांच्या रसवाल्या बायकांची रांगच आहे. संत्र्याचा नुसता पिळलेला रस समोर काढून घ्यावा, पाणी किंवा दूध घालून घुसळलेला नको. डोंगराळ गावांत एखाद्या घराबाहेर काठीला लाल प्लॅस्टिक बांधलेले दिसले की आत 'चिचा दे होरा' तयार आहे असे समजावे. मोड आलेला मका उकळून, आंबवून केलेले हे सौम्य मद्य. आंबवल्याने आम्ल वाढते, त्यामुळे पेय बरे. पेला धुण्याचे पाणी बरे असेलच असे नाही. 'पिस्को सावर' या प्रसिद्ध मद्यात कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घालतात, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

आणि इतके करूनही पोट बिघडलेच तर? तेव्हाही प्रश्न काय प्यावे हाच असतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत असताना आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. वीस वर्षांनी पेरूच्या साथीत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आत राहिले, त्यात या जलसंजीवनीचा मोठा वाटा होता. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. म्हणून दोन्ही हवीत, आणि प्रमाणात हवीत. कोला किंवा गोड सरबत त्या जागी चालत नाही. त्यात साखर इतकी असते की ती उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

आमच्या सहकाऱ्याकडे जलसंजीवनीची पुडी नव्हती. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून एक लिटर उकळून गार केलेले पाणी मागवले, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवले आणि घोट घोट पाजत राहिलो. चमचे चहाचे, आणि मोजताना सपाट केलेले. मिठाचा चमचा वर शीग येईल असा भरला तर द्रावण धोकादायक होते. चोवीस तासांत तो उठून बसला आणि पहिली मागणी केली ती एमोलियेंतेची. विष्ठेत रक्त दिसले, ताप चढला किंवा लघवी कमी झाली, तर मात्र साखरपाण्यावर न थांबता डॉक्टर गाठायचा. पुढच्या प्रवासात आम्ही प्रत्येकाने चार-चार पुड्या बॅगेत ठेवल्या. एक पुडी किती पाण्यात घालायची ते तिच्यावर छापलेले असते, आणि ते देशोदेशी वेगळे असल्यामुळे घरूनच नेलेल्या बऱ्या.